आधी बाळाचं रक्त

भाच्याच्या दोन्ही डोळ्यांत गाठी निघाल्या तेव्हा त्याला जेमतेम उभं राहता येत होतं. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे टाटा रुग्णालयाचंच केंद्र, रोडपालीहून जवळ. म्हणून बहीण साताऱ्याहून मुलांना घेऊन आमच्याकडे राहायला आली. रेटिनोब्लास्टोमा हा शब्द माझ्या तोंडात बसायच्या आत आम्हाला 'जेनेटिक'ला जायला सांगितलं.

तिथल्या समुपदेशक मॅडमनी कागदावर दोन्ही घरांच्या तीन पिढ्या मांडल्या. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजोबा कशाने गेले? लहानपणी कुणाचा डोळा काढला होता का? आजार एवढ्याशा पोराला आणि चौकशी आजोबांची, मला काही समजेना. त्यात बहिणीच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आमच्याकडे कुणाला असलं काही नाही." ती रात्र बहिणीने रडून काढली.

मॅडमनी पुढच्या भेटीत समजावलं ते आधी कळायला हवं होतं. आरबी१ जनुकाच्या प्रत्येकात दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. डोळ्याच्या पडद्यातल्या एखाद्या पेशीत दोन्ही बिघडल्या की गाठ होऊ शकते. अल्फ्रेड नुडसन यांनी हे 1971 साली, जनुक सापडण्याआधीच, मांडलं होतं. दोन्ही डोळ्यांत गाठी असल्या तर एक प्रत जवळजवळ नेहमीच जन्मापासून बिघडलेली असते. पण बहुतेक घरांत हा बिघाड त्या बाळापासूनच सुरू होतो, आईवडिलांकडून आलेला नसतो.

"मग माझंही रक्त घ्या," मी म्हणालो.

"मामा, आधी बाळाचं. त्यात नेमका बिघाड सापडला की आईवडिलांचं आणि ताईचं. आईत निघाला, तर मग तुमचं."

ताई म्हणजे माझी अडीच वर्षांची भाची. माझ्या मते या तपासणीचं खरं मोल तिच्यासाठी आहे. तोच बिघाड तिच्यात नसेल, तर भूल देऊन पुन्हा पुन्हा डोळे तपासणं टळेल. असेल, तर गाठ बारीक असतानाच लेसरने किंवा गोठवून संपवता येते. आईवडिलांच्या रक्तात काही निघालं नाही तरी तिला तपासतात, कारण बिघाड त्यांच्या मोजक्याच पेशींत दडलेला असू शकतो. भाच्याला मोठेपणी हाडाच्या आणि इतर कर्करोगांचा धोका राहील. किरणोपचारांनी तो वाढतो, म्हणून डॉक्टर ते शक्यतो टाळताहेत.

भाच्याचा बिघाड सापडला आहे. बाकीच्यांचं रक्त देऊन झालंय. सासूबाईंना मी स्वतः फोन करून हे सगळं सांगितलं. पुढच्या भेटीला त्या सोबत येणार आहेत.