पार्किंगखालचे बावखल

2025 साली असिसीकर संत फ्रान्सिसच्या सृष्टिगीताला आठशे वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त 'निसर्ग' या विषयावर आमच्या धर्मग्रामातील मुलामुलींचे चित्रप्रदर्शन भरवावे, ही कल्पना युवक मंडळाची. आमचा वाटा सभागृहाची किल्ली देण्यापुरताच होता! सृष्टीच्या संवर्धनासाठी प्रार्थना करण्याचा काळ 1 सप्टेंबरला सुरू होतो आणि 4 ऑक्टोबरला, संत फ्रान्सिसच्या सणाला संपतो. प्रदर्शन त्याच सणाच्या दिवशी उघडायचे ठरले.

पहिल्या आठवड्यात चित्रांचा ढीग जमला. आम्ही हौसेने ती चाळू लागलो आणि थोड्याच वेळात विरस झाला. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध उगवता सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठावर एक झोपडी. काहींनी तर शिखरांवर बर्फही घातला होता. वसईच्या लेकराने बर्फ पाहिला तो फ्रीजमध्ये. आपल्या पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर रोज उभा असतो, पण त्याची ती गोलसर, थोराड पाठ एकाही कागदावर उतरली नव्हती. मुलांना दोष कसा द्यावा? निसर्ग म्हणजे सहलीला जाऊन पाहण्याची वस्तू, असे आपणच त्यांना शिकवले आहे.

धर्मशिक्षणाच्या सिस्टरांनी यावर सोपा तोडगा काढला. घरापासून शंभर पावलांच्या आत जे असेल तेच काढायचे. मग मात्र चित्रांचा नूर पालटला. विजेच्या तारेवर बसलेला खंड्या आला. भेंडीच्या झाडाचे पिवळे फूल आले. जलपर्णीने गच्च भरलेले गटार आले. आणि आंब्याच्या सावलीत उभा असलेला पाण्याचा टँकरही आला. टँकर निसर्गात बसतो काय, असा प्रश्न एका परीक्षकाने केला. आम्ही म्हटले, आपल्याकडे बसतो.

याच ढिगात अकरा वर्षांच्या एका मुलाचे चित्र होते. वरच्या अर्ध्या कागदावर पेन्सिलीने काढलेली त्याची इमारत आणि रांगेने उभ्या मोटारी. खालच्या अर्ध्यात निळेशार पाणी, कमळे, रहाट, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. खाली शब्द होते : 'आमच्या पार्किंगखाली'. शंभर पावलांत त्याला काहीच सापडेना, तेव्हा त्याने आजीला विचारले होते, येथे पूर्वी काय होते?

तरुण वाचकांसाठी सांगावयास हवे. बावखल म्हणजे नुसते डबके नव्हे. पावसाचे पाणी त्यात साठे, हळूहळू जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरी गोड राखी. समुद्र इतका जवळ असताना खारे पाणी आत सरकले नाही, याला या मुरलेल्या पाण्याचा मोठा आधार होता. रहाटाने तेच पाणी पानवेलींना आणि केळीच्या बागांना मिळे. पुढे जमिनीचे भाव चढले, बावखले बुजली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी लढा उभारला, तो आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला आहे.

प्रदर्शन उघडण्याच्या आदल्या सायंकाळी काही वडीलधारी मंडळी आली. "फादर, तेवढे एक चित्र उतरवा. मुलांच्या कार्यक्रमात कोणाची जमीन, कोणाचा व्यवहार कशाला?" ज्यांनी ते बावखल विकले ते गृहस्थ आमचेच धर्मग्रामस्थ आहेत, दर रविवारी मिस्साला येतात. त्या पैशांतून त्यांच्या मुलीचे परिचारिकेचे शिक्षण झाले, पत्नीचे दुखणे निभावले, हेही आम्हांस ठाऊक आहे. त्यांना खलनायक ठरवणे सोपे आणि अन्यायाचे झाले असते. परंतु चित्रात त्यांचे नाव नव्हते, आरोप नव्हता. होते ते फक्त पाणी.

आम्हांला चित्रकार आंजेलो द फोन्सेका आठवले. गोव्यात 1902 साली जन्मलेला हा कलावंत शांतिनिकेतनात शिकला आणि त्याने पवित्र मरियेला साडी नेसवली. आपल्याच लोकांना ते रुचेना, म्हणून तो पुण्याच्या आश्रमात येऊन राहिला आणि 1967 साली निवर्तला. परक्या मुलखातली मरिया आपल्याला खुपत नाही, शेजारच्या बाईसारखी दिसली की खुपते. डोंगर-झोपडीच्या चित्रांवर कोणी हरकत घेतली नव्हती, ती का, हे तेव्हा ध्यानात आले.

कोणी म्हणेल, बर्फाचे शिखर जसे न पाहिलेले, तसे हे बावखलही न पाहिलेलेच. खरे आहे. पण मुलाने ते विचारून घेतले होते. संत फ्रान्सिसने पाण्याला बहीण म्हटले तेव्हा त्याचे डोळे जवळजवळ गेले होते, प्रकाशही सोसवत नव्हता. चित्र उतरवणार नाही, असे आम्ही मंडळींना नम्रपणे सांगितले. दोघेजण न बोलता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी, गर्दी ओसरल्यावर, ते गृहस्थ एकटेच आले. चष्मा पुसून बराच वेळ त्या कागदासमोर उभे राहिले. मुलगा जवळच खुर्च्या उचलत होता. त्याला हाक मारून ते म्हणाले, "बाळा, पायऱ्या या बाजूला नव्हत्या. उगवतीला होत्या. सात. शेवटची पावसात दिसत नसे."

मुलगा पेन्सिल आणायला धावला.