चूकही नेमकी हवी

पायथनच्या मूळ सोर्स कोडमध्ये 'लिब' नावाचं एक फोल्डर आहे, त्याच्या पोटात 'टेस्ट' नावाचं दुसरं, आणि तिथे 'टेस्ट_सिंटॅक्स' नावाची फाइल राहते. फाइल म्हणायचं ते आपलं सोयीसाठी. स्वभाव पाहिला तर हे एक गृहस्थच आहेत, आणि चांगलेच तऱ्हेवाईक.

आजूबाजूच्या बहुतेक चाचण्या दिलेला प्रोग्रॅम नीट चालला की खूश होतात. यांचं सगळं उलटं. यांच्या हाती दिलेला कोड बिनबोभाट कंपाइल झाला की हे लालबुंद होतात आणि 'सिंटॅक्स एरर आलाच नाही' अशी तक्रार नोंदवतात. बरं, एरर आला म्हणून भागतं असंही नाही. पायथनने चूक पकडताना जे शब्द वापरले ते ठरल्याबरहुकूमच हवेत. चूक झाली पाहिजे आणि ती ठरलेल्या भाषेत सांगितली गेली पाहिजे, एवढ्यावर यांचं सगळं घर चालतं.

वरचा बराचसा देह म्हणजे एक लांबलचक डॉक्स्ट्रिंग. तीन कोनी चिन्हं, त्यापुढे वाकडा कोड, खाली 'ट्रेसबॅक'ची ओळ आणि त्याखाली अपेक्षित बोलणी. पुन्हा तीन कोनी चिन्हं, पुन्हा वाकडा कोड. नमुने एकेक पाहण्यासारखे. एका फंक्शनने पॅरामीटर म्हणून घेतलेला 'एक्स' आतल्याच ओळीत 'ग्लोबल' करू पाहतो. दुसरा बहाद्दर 'नन'लाच एक किंमत देऊ पाहतो. एका ठिकाणी 'व्हाइल १'च्या पोटात 'व्हाइल २', त्याच्या पोटात 'व्हाइल ३' असं करत २२ पर्यंत उतरत गेलेला जिना आहे, आणि तळाशी बिचारा एकटा 'ब्रेक'. 'प्रिंट' आणि कंस यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणारं एक नियंत्रणचिन्ह दडवलेला नमुनाही यांनी जपून ठेवला आहे. असा कोड शहाणा माणूस लिहिणार नाही हे खरं, पण कुठल्याशा पानावरून कोड उचलून चिकटवणारा शहाणा माणूस हमखास आणतो.

तरुणपणी यांना काम तसं बेताचं होतं. पायथनचा जुना पार्सर, म्हणजे कोडचं व्याकरण तपासणारा भाग, एका वेळी पुढचा एकच टोकन पाहायचा आणि अडला की 'इनव्हॅलिड सिंटॅक्स' एवढं पुटपुटून गप्प बसायचा. त्या दोन शब्दांत तपासण्यासारखं काय असणार? २०२० साली पायथन ३.९ मध्ये पेग पद्धतीचा नवा पार्सर आला, ३.१० मध्ये जुना काढून टाकला, आणि पार्सरला एकाएकी वाचा फुटली. व्यवस्था मोठी हुशारीची आहे. पहिल्या फेरीत फक्त शुद्ध व्याकरणाचे नियम. प्रोग्रॅम त्यात बसला तर विषय संपला. नाही बसला तरच दुसरी फेरी होते, आणि तिच्यात 'इनव्हॅलिड' अशी सुरुवात असलेले खास नियम जागे होतात, म्हणजे नवशिके कुठे ठेचकाळतात याचे आधीच आखून ठेवलेले नमुने. बरोबर लिहिणाऱ्याला याचा तसूभरही भुर्दंड नाही. पण प्रत्येक नव्या नियमाबरोबर एक नवं वाक्य आलं, आणि प्रत्येक वाक्याची राखण या गृहस्थांच्या गळ्यात पडली.

यातलं मला सर्वांत आवडतं ते कंसाचं प्रकरण. उघडलेला कंस मिटायचा राहिला, तर पूर्वी पायथन भलत्याच ओळीवर बोट ठेवायचा. चूक तिसऱ्या ओळीत आणि आरोप चौथ्या ओळीवर! नवशिक्याने त्या निरपराध ओळीकडे टक लावून डोकं खाजवत बसायचं. पार्सरच्या बाजूने पाहिलं तर त्याचंही खरं होतं. कंस उघडा राहणं हा गुन्हाच नाही, तो पुढच्या ओळीत मिटू शकतो. न बसणारं काहीतरी समोर येईपर्यंत त्याला संशय यायला जागाच नव्हती. ३.१० पासून 'हा कंस मिटलाच नाही' असं स्पष्ट सांगितलं जातं, आणि बोटही त्या कंसावरच पडतं.

आता आमच्या गृहस्थांनी याची परीक्षा कशी घेतली ते पाहा. नमुना दोन ओळींचा. पहिलीत 'ए = ( १, २, ३', दुसरीत 'बी = ३'. गोल, चौकोनी आणि महिरपी, तिन्ही कंस आळीपाळीने लावून बघायचे. मेख शेवटच्या तीनात आहे. कंस उघडा असल्यामुळे ओळ संपली तरी यादी संपत नाही, आणि तीनाला लागूनच 'बी' येतो. मध्ये स्वल्पविराम नाही. पार्सरकडे नेमकी अशाच प्रसंगासाठी आणखी एक सूचना तयार असते, 'स्वल्पविराम राहिला का?' ती दिली तर ऐकणारा मुकाट्याने स्वल्पविराम घालील आणि जास्तच गाळात जाईल. म्हणून यांचा हट्ट, की इथे कंसाचंच नाव निघालं पाहिजे.

स्वल्पविरामाच्या सूचनेवर यांची बारीक नजर आहे, आणि ते योग्यच आहे. उत्साही सल्लागार गप्प सल्लागारापेक्षा जास्त घात करतो. ही सूचना कंसाच्या आतच दिली जाते, बाहेर नाही. शिवाय ३.१० मध्ये 'मॅच' आणि 'केस' हे सौम्य कीवर्ड आले. 'मॅच एक्स' म्हटलं की शेजारीशेजारी दोन नावं दिसतात, मग पार्सरला स्वल्पविरामाचा मोह होणारच. तिथे नुसतं जुनं 'इनव्हॅलिड सिंटॅक्स' येऊ द्यावं, फाजील शहाणपण नको, अशा अर्थाचे नमुनेही यांच्या संग्रहात आहेत. पार्सरने कुठे तोंड मिटावं हेही तपासणारा हा माणूस मला त्यामुळेच आदरणीय वाटतो.

दोष नाही असं नाही. यांना स्वतःचं मत नाही. संदेश चांगला की वाईट, समोरच्याला कळेल की नाही, याच्याशी देणंघेणं नाही. लिहून दिलेलं वाक्य निष्ठेने सांभाळायचं, मग ते कितीही रुक्ष असो. ३.८ मध्ये 'कान्ट असाइन'चं 'कॅनॉट असाइन' झालं. अर्थात काडीचा फरक नाही, पण यांच्या लेखी जुनं प्रत्येक वाक्य मोडलं, आणि ती सगळी हाताने बदलावी लागली. संदेश सुधारायला निघालेल्याला पहिला विरोध यांचाच होतो. मला हा विरोध उपयोगाचा वाटतो. कुणीतरी थांबून बदललेलं वाक्य डोळ्यांखालून घालतं, हे काही कमी नाही.

शेजारी 'टेस्ट_एक्सेप्शन्स' नावाचे भाऊबंद राहतात. त्यांना शब्दांपेक्षा मोजमापाचा सोस. चूक कितव्या ओळीत, कितव्या रकान्यात? त्यांच्याकडे 'पायथन' हे नाव एकदा साध्या रोमन अक्षरांत आणि एकदा प्रत्येक अक्षराला वर-खाली कसलीतरी खूण जोडून लिहिलं आहे. दुसऱ्या रूपात सहा अक्षरांचे तेरा बाइट होतात, तरी दोन्ही वेळा रकाना विसावाच आला पाहिजे. कुणी बाइट मोजू लागला की लगेच पकडला जातो. आपल्यासाठी ही कसोटी मोलाची आहे. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव खुशाल 'किंमत' ठेवता येतं. त्यात बाइट पंधरा. पायथन मोजतो ती चिन्हं पाच, म्हणजे क, वेलांटी, अनुस्वार, म आणि त. डोळ्यांना दिसतात ती अक्षरं तीनच. त्यामुळे पायथनचा आकडा बरोबर असूनही चुकीखालची टोपीसारखी खूण नेमकी कुठे पडेल, हे टर्मिनल मात्रांना किती जागा देतं त्यावर ठरतं.

आणि एक गंमत. आमच्या गृहस्थांच्या डॉक्स्ट्रिंगमध्ये अगदी वर एक जुना खुलासा आहे. पार्सर स्वतः ज्या चुका नाकारतो त्या सध्या इथे तपासल्या जात नाहीत, काही तरी घ्यायला हव्यात. पण चुकीचे प्रोग्रॅम अनंत असल्यामुळे निवड तारतम्याने करावी लागेल, अशा आशयाचा. खाली पार्सरच्या चुकांची रांगच्या रांग लागली, पार्सर बदलूनही वर्षं उलटली, तरी तो 'सध्या' जागचा हलला नाही. हे नमुने चालवून पाहणारा डॉक्टेस्ट फक्त तीन कोनी चिन्हांपुढचा कोड आणि त्याखालची अपेक्षित बोलणी वाचतो, मधला मजकूर तो ओलांडून जातो.