काडी कुठली?

द्राक्षाचं कलम बांधणाऱ्याची किंमत एकाच आकड्यावर ठरते: शंभरातली किती धरली. माझी धरतात, हे निफाड-दिंडोरी पट्ट्यात माहीत आहे आणि कुणी ते चारचौघांत बोलून दाखवलं की मला अजूनही गुदगुल्या होतात. पण उजव्या अंगठ्याचा सांधा धरला आणि पाचर तासायचं काम भाचीकडे गेलं. मी आता फक्त कलमासाठी काडी निवडतो. हलकं काम म्हणून पत्करलं, तेच मानगुटीवर बसलंय.

कारण लीफरोलचा विषाणू असलेली काडी डॉगरीज खुंटावर बहुतेक वेळा निरोगी काडीसारखीच धरते. डोळा फुगतो, फूट चालते, वेल मांडवावर जाते, मालक खूश. लक्षण दिसायचं ते माल पक्व होताना, तेही काळ्या जातीत: बुडाकडची पानं कडांनी खाली वळतात, लाल होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. घडाला रंग भरत नाही, साखर रेंगाळते. वाइनच्या कॅबर्ने, शिराझमध्ये निदान हे डोळ्यांना दिसतं. पांढऱ्या थॉम्पसनमध्ये पान जेमतेम पिवळसर, जरासं वळलेलं. पालाश कमी पडलं म्हणायचं आणि ड्रिपमधून खत सोडून मोकळं व्हायचं. अमेरिकी खुंटांच्या अंगात असला तर बहुधा काहीच दिसत नाही.

जर्मनीत गेओर्ग शॉय यांनी 1930च्या दशकातच दाखवलं होतं की हा रोग कलमातून जातो. म्हणजे लांबचा प्रवास आमच्या चाकूने, आणि बागेतल्या बागेत वेलीवरून वेलीवर मिलीबगने, म्हणजे पिठ्या ढेकणाने. युरोपात तर आमचा हा धंदाच एका रस शोषणाऱ्या किड्याने वाढवला. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेराने तिथल्या वेलींची मुळं निकामी केली, म्हणून अमेरिकी खुंट आले आणि घरोघर कलमं बांधली गेली. आपल्याकडे डॉगरीज आला तो खारवट पाण्याला आणि दुष्काळाला तोंड द्यायला.

मिलीबग बघायचा तर ओलांड्याची, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीची, सुटी साल नखाने उचला. खाली कापसाच्या बोळ्यासारखी अंड्यांची पिशवी असते, शेजारी मादी सोंड रुतवून बसलेली. एका मादीची अंडी शेकड्यांनी. पण तिची भीती कमी; ती फारशी हलत नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, चष्म्याशिवाय मला दिसतही नाही, आणि खरा फिरस्ता तेच. वाऱ्यावर, मजुराच्या बाहीला, क्रेटच्या बुडाला चिकटून ते पुढच्या ओळीत पोचतं. रोगट वेलीचा रस तासभर ओढला तरी विषाणू त्याच्याबरोबर निघतो. किड्यात तो चार-पाच दिवस टिकतो, वेलीत मात्र तिच्या मरणापर्यंत. वेल उपटली तरी मागे राहिलेल्या मुळांत पुढे काही वर्षं. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर समजावं की मिलीबगच्या गोड चिकट्यासाठी पहारा बसलाय. मग मिलीबग खाणारे क्रिप्टोलेमसचे भुंगेरे सोडूनही उपयोग नाही, मुंग्या त्यांना नीट खाऊ देत नाहीत.

औषधवाल्यांवर माझा राग आहे, तो शेंड्यावरून. गुलाबी मिलीबगच्या लाळेने शेंडा गोळा होतो, त्याला गावभर ‘व्हायरस’ म्हणतात आणि तेवढ्यावर बाटल्या खपतात. ज्या वेलीत खरा विषाणू आहे ती शेजारी ताठ उभी असते, आणि सप्टेंबरात काडी तिचीच कापली जाते.

माझं घोडं अडतं ते इथेच. रोग दिसतो फेब्रुवारीत, काडी लागते ऑगस्ट-सप्टेंबरात. मधे एप्रिलची खरड छाटणी. काडीला फीत बांधली तर ती छाटणीत जाते. ओलांड्याला रंग लावला, तर मिलीबगसाठी साल सोलतात तेव्हा सालीबरोबर रंगही उतरतो. आता मांडवाच्या अँगलवर ऑइलपेंटने ओळ आणि वेलीचा नंबर घालून वहीत लिहितो. पांढऱ्या जातीत तेवढ्यानेही भागत नाही. पानाचा देठ किंवा पिकल्या काडीची साल तपासणीला पाठवावी लागते. त्याचे पैसे कोण देणार यावर बोलणं थांबतं. नव्या जातीची काडी म्हटली तर विचारूच नका. ती रात्रीतून कुठून कुठे जाते, कुणी कुणाला विचारत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या वेर्गेलेगन या वाइनच्या मळ्याने 2002पासून रोगट बागा काढल्या, तपासलेली रोपं लावली, मिलीबगवर नजर ठेवली आणि दरसाल लाल दिसेल ती वेल उपटली. दहा वर्षांत रोग नावाला उरला. तिथे काळी जात, मोठा मळा, एक मालक. इथे दोन एकरवाल्याला घडांनी लगडलेली वेल उपट म्हणायची माझी छाती नाही. माझ्या भाचीची आहे.

परवा एका नावाजलेल्या बागेची काडी तिने बांधायला नकार दिला. ती बाग मीच शिफारस केलेली, निर्यातीचा माल, घड बघत राहावेत असे. “मामा, तपासणीचा कागद आहे का?” तिने मालकासमोर विचारलं. कागद नव्हता. मालकाने दुसरी टोळी लावली. त्यांची नव्वदच्या वर धरली म्हणे. मला पहिला राग आला तो आपलं गिऱ्हाईक गेल्याचा, आणि लगेच मनात आलं, मी बांधली असती तर अठ्ठ्याण्णव धरली असती.