शेवटचे दहा पीपीएम

डिझेलमधला बहुतेक गंधक काढायला फारसे कसब लागत नाही. कोबाल्ट-मॉलिब्डेनमचा कॅटॅलिस्ट, साडेतीनशे अंशांच्या आसपास तापमान आणि दाबाखालचा हायड्रोजन असला की मर्कॅप्टन, सल्फाइड भराभर मोडतात. गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन निघून जातो. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे इंधन-मानक देशभर लागू झाले, गंधकाची ५० पीपीएमची मर्यादा १० वर आली आणि सगळे कसब एका रेणूपाशी अडले.

हा रेणू ४,६-डायमिथाइल-डायबेन्झोथायोफीन. गंधकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मिथाइल गट दारावरच्या पहारेकऱ्यासारखा उभा. कॅटॅलिस्टला गंधकापर्यंत पोहोचताच येत नाही. म्हणून आधी शेजारचे एक कडे हायड्रोजनने संपृक्त करायचे. मग सपाट रेणू वाकतो आणि गंधक हाती लागतो. निकेल-मॉलिब्डेनमला हे चांगले जमते, पण ते हायड्रोजन जास्त खाते. कॅटॅलिस्ट थकला की तापमान चढवायचे, हा नेहमीचा तोडगाही इथे उलटतो: फार चढवले तर संपृक्त झालेले कडे पुन्हा पूर्ववत होऊ लागते. त्यात कॅट क्रॅकरवाले आपले लाइट सायकल ऑइल याच फीडमध्ये ढकलतात. हे रेणू त्यातच ठासून भरलेले, वर नायट्रोजनची संयुगे कॅटॅलिस्टच्या जागा अडवतात. त्यांचा माल खपतो, निस्तरायचे डीएचडीटीने, म्हणजे डिझेलमधला गंधक काढणाऱ्या या युनिटने.

या कामात अहंकारही मुरतो. १० चालत असताना पॅनेलवर ५ दाखवण्याला सावधगिरी म्हणतात. त्यात मिरवणे बरेच असते आणि किंमत कॅटॅलिस्टच्या आयुष्यातून जाते. जुने लोक नाकाची आणि मर्कॅप्टन ओळखणाऱ्या डॉक्टर टेस्टच्या परीक्षानळीची महती सांगतात, नव्यांना ॲनलायझरचे गुलाम म्हणतात. पण उरलेल्या या गंधकाला नाक ओळखत नाही आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला तर वास येणेच बंद होते.

तयार मालातल्या गंधकाचा आकडा चढला की संशय आधी कॅटॅलिस्टवर जातो. फीडमध्ये १ टक्का, म्हणजे १०,००० पीपीएम गंधक असेल, तर फीड-एफ्लुएंट एक्स्चेंजरच्या गळक्या नळीतून हजारात एक भाग फीड तयार मालात मिसळले तरी १० पीपीएमची भर पडते. रिअॅक्टर दोन-तीन अंश चढवूनही आकडा जवळपास हलत नसेल, तर रसायनशास्त्र बाजूला ठेवून शटडाऊन घ्यावे आणि नळ्या तपासाव्यात.