ओव्हर देताना

2020च्या जुलैमध्ये मी एका खासगी हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स होते. आमचा वॉर्ड कोविडचा नव्हता. राहायला मुकुंदवाडीत, दोन खोल्यांचं घर. घरात मी, नवरा, मुलगा आणि 64 वर्षांच्या सासूबाई.

आमच्या औरंगाबादेत कोविडचा पहिला रुग्ण 15 मार्चला सापडला. एप्रिलच्या सुरुवातीला मुंबई सेंट्रलच्या एका रुग्णालयात 26 नर्स आणि 3 डॉक्टर पॉझिटिव्ह निघाल्याची बातमी आली. तेव्हापासून ड्यूटीवरून आले की आधी अंघोळ, कपडे साबणाच्या पाण्यात, मगच घरात पाऊल. पण आमची सगळी भीती पेशंटची होती. एकमेकींची भीती कुणालाच वाटली नाही.

10 ते 18 जुलै शहरात कडक लॉकडाऊन होता. तो उठल्यावर वॉर्ड एकदम भरला. मंगळवारी, 21 तारखेला सकाळी माझं अंग दुखत होतं. सलग नाइट झाल्या होत्या, त्यामुळेच असेल असं धरून मी एक पॅरासिटामॉल घेतली आणि निघाले. गेटवर थर्मल गन लावली, 97 आलं. वॉचमनने रजिस्टरमध्ये लिहिलं, मी सही केली. दुसऱ्या दिवशीही तेच. गोळी घेतल्यावर ताप दिसत नाही, हे मी रोज पेशंटच्या नातेवाइकांना सांगायचे. स्वतःच्या बाबतीत तो विचार मी मुद्दाम केला नाही. रजा घेतली तर पगार कापला जायचा आणि नवऱ्याची चिकलठाण्याची कंपनी तेव्हा महिन्यातून जेमतेम दहा-बारा दिवस चालत होती.

गुरुवारी वॉर्डातल्या मावशी खोकायला लागल्या. "फिनेल लागलं घशाला," म्हणाल्या. आम्हीही मान डोलावली.

शनिवारी, 25 तारखेला नागपंचमी. सासूबाईंनी दिंडं केली. पुरणात वेलदोड्याची पूड घालताना त्या म्हणाल्या, "कसा वास सुटलाय बघ." मला काहीच येईना. डबी नाकाला लावली. काही नाही. आतून विक्सची बाटली आणली, तिचाही वास नाही. वास जाणं हे कोविडचं लक्षण म्हणून जूनमध्येच केंद्राच्या यादीत आलं होतं. मी तिथल्या तिथे मास्क लावला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. दिंडं कुणीच धड खाल्ली नाहीत.

इन्चार्ज सिस्टरना फोन केला. त्याच दिवशी तपासणी केंद्रावर अँटिजेन टेस्ट झाली. निगेटिव्ह! तिथला मुलगा म्हणाला, "सुटलात मॅडम." मी निघालेच होते. मग आठवलं, लक्षणं असतील आणि अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायचीच, असं आयसीएमआरने जूनमध्ये कळवलं होतं. परत रांगेत उभी राहिले आणि स्वॅब दिला. सोमवारी रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. कुणाला लक्षणं असूनही अँटिजेन निगेटिव्ह आली, तर त्या कागदावर भरवसा ठेवून घरच्यांत मिसळू नका.

मग आमच्या वॉर्डातल्या 14 जणांचे स्वॅब गेले. आणखी पाच जण पॉझिटिव्ह. त्यातल्या तिघांना साधी शिंकही आली नव्हती. रोज ड्यूटी करत होते, सलाईन लावत होते.

आम्हाला झालं कुठे, यावर नंतर खूप डोकं चालवलं. वॉर्डात तर आम्ही मास्क काढतच नव्हतो. मग लक्षात आली ती चेंजिंग रूम. दहा बाय दहाची खोली, डासांमुळे खिडकी कायम बंद. दुपारी दोनला सकाळची आणि दुपारची शिफ्ट एकत्र. आठ-नऊ जणी खाटेला खाट लावल्यासारख्या टेकलेल्या, डबे उघडे, मास्क हनुवटीखाली. ओव्हर देणं-घेणंही, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला सांगणं, तिथेच चालायचं. दिवसभर पेशंटपासून जपायचं आणि तिथे तोंडाला तोंड लावून जेवायचं.

मला कोविड सेंटरला ठेवलं. मी बरी होते, पण चौथ्या दिवशी सासूबाईंना ताप आला. नवऱ्याला मी जाताना ऑक्सिमीटर घ्यायला लावला होता, तो तेवढा उपयोगी पडला. त्या चालत्या-बोलत्या होत्या, दम लागत नव्हता, आणि आकडा 91. फोनवर ऐकलं आणि मी म्हटलं, रिक्षा मिळेल तशी करा, थांबू नका. सहा दिवस त्या ऑक्सिजनवर होत्या. त्या सहा रात्री मला ती मंगळवारची गोळी दिसायची. नवरा आणि मुलगा निगेटिव्ह आले. गल्लीच्या तोंडाला पत्रे लागले. शेजारच्या काकूंनी मात्र रोज पत्र्यावरून दूध दिलं.

परत कामावर गेले तेव्हा चेंजिंग रूमची खिडकी उघडी होती, तिला जाळी बसवली होती. जेवण गच्चीवर, दोघी-दोघींनी, लांब बसून. ओव्हर वॉर्डाच्या दारात, मास्क लावून. गेटच्या रजिस्टरला नवे रकाने आले होते: वास येतो का, घरात कुणी आजारी आहे का, आज कोणती गोळी घेतली. पॉझिटिव्ह आलेल्याची रजा पगारी केली. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. त्यानंतर लोक अंग दुखतंय हे आपणहून सांगायला लागले.

एक गोष्ट राहिली. वॉर्डात सगळे म्हणायचे, मावशींनी आणलं. त्यांचा खोकला सगळ्यांनी ऐकला होता. माझी अंगदुखी कुणाला माहीत नव्हती. लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून माणूस पसरवू शकतो, त्यामुळे कुणाचं कुणाला गेलं हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. पण आधी दुखणं माझं सुरू झालं होतं. दिवाळीच्या तोंडावर मी मावशींना गाठून तारखा सांगितल्या, गोळीचंही सांगितलं. त्या हातातली चादर घडी करत ऐकत राहिल्या.

"तवाच सांगायचं होतं, सिस्टर," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी तेच सगळं ओव्हरच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं. मावशी तिथेच दाराशी उभ्या होत्या.