मेढ काढली तेव्हा

आमच्या गोठ्याच्या मधोमध बाभळीची मेढ होती. आज्ज्यानं रोवलेली. म्हशी तिला अंग घासायच्या, त्यामुळं कमरेएवढ्या उंचीवर ती तेल लावल्यागत गुळगुळीत झालेली. पुढं ट्रॅक्टर आला, आणि तो आत घेताना मेढ आडवी यायला लागली. आबा म्हणाले, "आता लोखंडी गोठा करू. मदी खांब नको."

सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच. दोन खांब, वर तुळई, तुळईवर कडब्याचा माळा. पुस्तकात याला पोर्टल फ्रेम म्हणतात. मी तेव्हा सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. वहीत असली गणितं रोज सोडवायचो. पण वहीतल्या फ्रेमखाली जनावरं बांधलेली नसायची.

वेल्डिंगवाला म्हणाला, "हलकी तुळई चालती आबा. कोपऱ्याला टाका मारला की बास." हलकी तुळई आबांच्या पैशात बसत होती. मी कागद घेऊन बसलो.

मीटरला 200 किलो भार धरला. तुळई खांबांवर नुसती टेकवली, तर मधोमध तिला वाकवणारा जोर, म्हणजे बेंडिंग मोमेंट, काढायचा तो असा: भार गुणिले अंतराचा वर्ग, भागिले 8. दोनशे गुणिले 36 भागिले 8, झाले 900. हे किलो आणि मीटरच्या गुणाकारात. पण कोपरे असे जखडले की काटकोन हलणारच नाही, खांब-तुळई एकाच मापाची घेतली आणि पाय बिजागरीवर असल्यागत धरले, तर याच लांबी-उंचीला मध्ये 450 च उरतात. हलकी तुळई तेवढं पेलत होती.

आबांनी विचारलं, "आन् बाकीचं निम्मं गेलं कुठं?"

मी कळकाची लांब कांब आणली. त्यांच्या दोन्ही तळहातांवर नुसती ठेवली आणि मधे दाबली. चांगलीच वाकली. मग म्हणालो, "आता मुठीत घट्ट धरा." दाबली, वाकली कमी, पण आबांची मनगटं पिळली. "हितं आलं व्हय," ते म्हणाले.

तिथंच आलं होतं. प्रत्येक कोपऱ्यात 450. टाका तुटला, तर मधले 450 पुन्हा 900 होणार, आणि खाली म्हशी. शिवाय खांबांचे पाय बाहेर फाकायला बघतात, ओल्या फरशीवर म्हशीचे फाकतात तसे. 450 ला तीन मीटर उंचीनं भागलं की प्रत्येक पायाशी 150 किलोचा आडवा रेटा. पाय सरकले, तर कोपरा कितीही पक्का असो, त्याचा उपयोग संपला.

आबा बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. मग वेल्डिंगवाल्याला म्हणाले, "कोपऱ्यात जाड पाट्या घाल. वेल्डिंग सगळीकडनं भरून कर." दोन्ही पाय काँक्रीटमध्ये धरले, जमिनीखालून एकमेकांना लोखंडी गजानं बांधले. त्यात पैसे संपले. मागची भिंत पुढच्या उसाच्या बिलावर ढकलली. त्या थंडीत म्हशींच्या मागं बारदानं लावली.

आता आबा कुणाच्याही गोठ्यात गेले की आधी जनावर बघत नाहीत. मान वर करून कोपरा बघतात.