हळदीविना पिवळा

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "फोटो काढू या," आणि मी नकळत कॉलर नीट केली! पण फोटो माझा नव्हता, डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा होता. मधुमेहाने माझ्याकडे बिऱ्हाड केल्याला सहा वर्षे झाली. त्याने तिथवर हातपाय पसरले आहेत काय, हे पाहायचे होते. ज्याचे पोट वाचण्यावर, त्याला हा प्रश्न फारसा विनोदी वाटत नाही.

थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि हाताच्या शिरेत फ्लुओरेसीन नावाचा रंग टोचला. दहा-पंधरा सेकंदांत तो डोळ्यात पोचतो आणि निळ्या प्रकाशात हिरवट-पिवळा चमकतो म्हणे. मला पोचली ती फक्त मळमळ.

मी पडलो मास्तर, विचारल्यावाचून राहवेना. डॉक्टरांनी सांगितले, की रक्तात अल्ब्युमिन नावाचे प्रथिन असते. शंभरातला ८०च्या आसपास रंग त्याला चिकटतो, उरलेला मोकळा हिंडतो. चिकटलेलाही सुटतो, पुन्हा चिकटतो. म्हणजे आमच्या व्याकरणातले संधी आणि विग्रहच की! अल्ब्युमिनचा हात धरलेला रंग शिरेबाहेर सहसा पडत नाही. मोकळा रंग बारीक; पण पडद्याच्या धडधाकट शिरा त्यालाही सोडत नाहीत. मधुमेहाने भिंती सैल केल्या, की तो पाझरतो आणि फोटोत ती जागा उजळते. पडद्यामागच्या थरातल्या शिरा मात्र मुळातच सच्छिद्र. तिथे इंडोसायनीन ग्रीन लागतो. तो शंभरातला ९८ प्रथिनांना बिलगून असतो.

ही तपासणी अमेरिकेतल्या इंडियानाच्या नोव्हॉटनी आणि अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांची. आधी टोचून कोणी घ्यायचे? नाणे उडवले, पाळी अल्विसवर आली. नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकाने त्यांचा निबंध परत पाठवला. १९६१ साली तो छापला 'सर्क्युलेशन'ने, म्हणजे हृदयवाल्यांनी. 'साभार परत' पचवलेल्या आम्हां लेखकांना हे ऐकून किती बरे वाटते!

माझ्या उजव्या डोळ्यात दोन ठिपके उजळले होते. "पाझर आहे, पण मध्यापासून दूर. साखर सांभाळा, चार महिन्यांनी या."

घरी आलो तो पिवळाजर्द. "या वयात हळद कुणी लावली?" इति सौभाग्यवती. अक्षर लागत नव्हते आणि चाचणीच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या. धाकटी वाचू लागली, मी डोळे मिटून गुण सांगू लागलो. एकाने संधीचा विग्रह साफ चुकवला होता.

"बाबा, शून्य ना?"

"थांब," मी म्हणालो, "पुन्हा एकदा वाच."